सूतमाय

भंडाऱ्याच्या विणकर वाचनालयात दामिनी पटले ग्रंथपाल म्हणून लागली, त्याला तीन महिने झाले होते. तेवढ्या काळात तिला एक गोष्ट पक्की कळली होती, की पुस्तकांच्या बाबतीत अध्यक्ष भैय्यालालजी सख्ख्या भावालाही माफ करायचे नाहीत. कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्यांचा पिढीजात व्यापार, वय त्रेसष्ट, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. एका सभासदानं पानाचा कोपरा दुमडून पुस्तक परत केलं, तर त्याला टेबलाशी बसवून त्यांनी तो कोपरा नखानं सपाट करायला लावला होता. एका बाईच्या हातून कादंबरीवर हळदीचा डाग पडल्याचं कळलं, तेव्हा हे गृहस्थ "आमच्या पुस्तकाची तब्येत कशी आहे?" म्हणून तिच्या घरी जाऊन आले होते.

साल दोन हजार चार. जिल्हा फुटून पाच वर्षं झाली होती. गोंदिया वेगळं झालं, भंडारा आटोपशीर झालं, आणि त्याचा ताप वाचनालयाला झाला. पूर्वी तपासणीची जीप एकदा गोंदियातल्या सालेकसा-देवरीकडे निघाली की तिकडेच दमायची. आता तिला हिंडायला जागाच उरली नव्हती. यंदा साहेब नक्की येणार होते, पंधरा दिवसांत. दामिनीची ही पहिलीच तपासणी. सिहोऱ्याला धानाच्या बांध्यांत वाढलेली ही पोरगी नागपूरला शिकून आली होती, आणि दाखल नोंदवहीतलं प्रत्येक पुस्तक आपल्या हातानं मोजल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं.

मोजणीच्या चौथ्या दिवशी कोपऱ्यातल्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, पंचांगांच्या गठ्ठ्यामागं, तिला लाल बासनात बांधलेलं एक पुस्तक सापडलं. 'प्रणयपंचदशी'. छपाई एकोणीसशे एकोणतीसची. जुन्या संस्कृत-प्राकृत प्रेमकविता, खाली त्यांची मराठी, आणि पंधरा कवितांना पंधरा रंगीत चित्रं. प्रत्येक चित्रावर झिरझिरीत कागदाचा पडदा. दामिनी तिथंच फरशीवर बसली. तिचा चहा निवला. कुणी झोक्यावर होती, कुणी रुसून पाठ फिरवलेली, कुणी आरशात बघता बघता मागं आलेल्याला पकडणारी. रंग असे, की जणू चितारी आत्ताच हात धुवायला गेला असावा.

अकरावं चित्र मात्र नव्हतं. यादीत त्याचं नाव होतं: अभिसारिका. म्हणजे प्रियकराला भेटायला आपल्या पायांनी निघालेली बाई. कविता जागेवर, पडद्याचा कागद जागेवर, चित्र तेवढं शिवणीला लागून पात्यानं बेतानं कापून नेलेलं. पण ते नेण्याआधी कित्येक वर्षं त्या कागदाला चिकटून राहिलं होतं, त्यामुळं त्याच्यावर पुसटसा ठसा उमटला होता. उजेडासमोर धरलं की दिसायचं: मान वळवून मागं बघणारी एक बाई आणि तिच्या घोट्याला विळखा घातलेला साप.

दामिनीनं पुस्तक नेऊन अध्यक्षांसमोर ठेवलं. आता मोहल्ल्यामोहल्ल्यात दवंडी पिटणार, असंच तिला वाटलं होतं.

भैय्यालालजींनी पुस्तकाकडं पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं.

"हे कुठं सापडलं?"

"वरच्या फळीवर, सर. एक चित्र कापलंय कोणीतरी."

"रद्द करून टाक."

"काय?"

"जीर्ण पुस्तकांच्या यादीत टाक अन् रद्द कर. एक पान गेलं म्हणजे पुस्तक गेलं."

"जीर्ण कुठं आहे, सर? बाकीची चौदा चित्रं..."

"दामिनी बेटा, तपासणी तोंडावर आहे. कायले उगाच झंझट करतेस?" एवढं बोलून ते समोरचा चहा तसाच टाकून दुकानात निघून गेले. हळदीच्या डागासाठी घर गाठणारा माणूस! दामिनीला काही उमजेना. पण तिनं पुस्तक रद्द केलं नाही. आपल्या खणात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तो सैल झालेला कागद काढून खिडकीच्या काचेला लावून बघत होती. धुरपताबाई झाडू मारत मारत तिथवर आली. वाचनालयाची झाडलोट करणारी ही बाई नदीपलीकडच्या कारध्याहून रोज पूल ओलांडून पायी यायची. तिनं वर पाहिलं आणि झाडू टाकून हातच जोडले.

"अव माय! सूतमाय! तू इथं कशी वो?"

"कोण सूतमाय?"

"तुमाले नाही माहीत? कोष्टी मोहल्ल्यातली, गीताबाईच्या घरची. सुताच्या गठ्ठ्यातून निघाली ना ते! पायाले नागोबा आहे पाहा. तिले नारळ कबूल केलं का मागावर सूत तुटत नाही, अन् पोरीचं सूत जुळते. माह्या पोरीचं, चंद्रकांताचं, सहा महिन्यांत जुळलं."

दामिनीनं पुन्हा कागदाकडं पाहिलं. मग धुरपताबाईकडं. "मला दाखवता का हो तुमची सूतमाय?"

दुपारी दोघी गेल्या. गीताबाईचं घर मोहल्ल्याच्या मधोमध. पुढच्या खोलीत खड्ड्यातला माग, आणि त्यावर गीताबाईचे यजमान देवाजी करवतीच्या दात्यांसारख्या काठाची करवतकाठी साडी विणत बसलेले. मुलगा कुंदन जवाहरनगरला फॅक्टरीत लागला होता, त्यामुळं दुसरा माग उभ्या उभ्याच धूळ खात होता. आतल्या खोलीत देवघर. गीताबाई सत्तावन्न वर्षांची, ठसठशीत, बोलायला मोकळी. शेजारची रंभाबाईही तिथंच वाती वळत बसली होती.

"कुठली आहेस, पोरी?" गीताबाईनं विचारलं.

"सिहोऱ्याची."

"लग्न झालं?"

"नाही."

"मंग दोनदा हात जोड."

दामिनीनं दोनदा हात जोडले आणि मग समोर बघितलं. सागवानी चौकटीत, काचेमागं, अकरावं चित्र. अंधारलेलं रान, तिरपा पाऊस, निळ्या साडीतली चिंब भिजलेली बाई. एका हातानं काठ उचलून धरलेला, घोट्याला साप, आणि डोळे मागं: कुणी बघत तर नाही ना? काचेवर कुंकवाचा एवढा जाड थर, की तिचं कपाळ तर पार झाकलं होतंच, बाकीही सगळीकडं कुंकू लागलं होतं. साडीचा अर्धा काठ जास्वंदीखाली झाकलेला.

दामिनीनं पिशवीतून झिरझिरीत कागद काढला आणि चौकटीशेजारी धरला. मान तीच. साप तोच.

गीताबाईचा चेहरा बदलला. ती रंभाबाईला म्हणाली, "तुह्या घरी चुलीवर दूध आहे ना वो?"

"नाही तर."

"मंग ठेव जा. अन् धुरपताले बी चहा पाज."

दोघी गेल्या तशी तिनं दामिनीला मागच्या आंगणात नेलं, दाराला कडी घातली आणि दगडावर बसवलं.

"कोणाले सांगितलं तू?"

"कोणालाच नाही. मला फक्त एवढंच विचारायचं होतं, की आमच्या पुस्तकातलं, कवितेसमोरचं चित्र तुमच्याकडं कसं आलं?"

गीताबाई हसली. लाजल्यासारखी हसली, हे दामिनीला फार नवलाचं वाटलं.

"सतरा वर्साची होती मी," ती सांगू लागली. "माहेरी. बाबूजी विणत, मी कांड्यांवर सूत भरत होती. एक दिवस कोशाच्या सुताचा गठ्ठा आला. मी सोडला, तर आत हे चित्र. ना चिठ्ठी, ना नाव. मी पाहतच राहिली. तेवढ्यात माय आली मागून. 'काय आहे वो हातात?' आता काय सांगू? असं ओलं चित्र! तोंडातून निघून गेलं, 'देवी आहे.' मायनं नागोबा पाह्यला, अन् मोठ्यानं ओरडली, 'देवी सुतातून आली!' झालं. संध्याकाळपर्यंत अख्खा मोहल्ला दारात. नारळ फुटले. ओट्या भरल्या. मी एका कोपऱ्यात. आता कशी म्हणू का नाही, हे तर कोणाचं तरी..."

"कोणाचं तरी काय?"

"प्रेमपत्र वो! आणखी काय?" गीताबाईनं पदर तोंडाला लावला. "गठ्ठा भैय्यालालच्या घरून आलता. शेठजीचा पोरगा. मंग तीनदा आला तो गल्लीत. मी खिडकीत बसून कांड्या भरत होती, अन् तो समोरून असा पाहत राहे, पापणी नाही लवे. पण बोलाची हिंमत नाही झाली बिचाऱ्याची. मंग माहं लग्न झालं इथं. माय म्हणे, देवी तुह्या हाताले आली, तुह्यासंगं जाईन. आली. चाळीस वर्सं झाले, रोज फूल वाहतो." मग एकदम आवाज खाली आणून, आतल्या मागाच्या खटखटीकडं बोट दाखवत: "यायले नको सांगू हं. संसारात मले काही कमी नाही. पण मनात एक राहते ना बाई. का आपल्यासाठी कोणीतरी असं केलतं."

दामिनी परत निघाली तेव्हा तिच्या मनात भैय्यालालजींची मूर्ती पार पालटून गेली होती. हा रागीट, दोन पेनांचा माणूस! चाळीस वर्षं मूग गिळून बसलेला! ती वाचनालयात शिरली तेव्हा ते एकटेच वर्तमानपत्र वाचत होते. तिनं तो कागद टेबलावर ठेवला.

"सर, अकरावं चित्र सापडलं."

वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं.

"गीताबाईकडं आहे," दामिनी म्हणाली. "मला सगळं कळलं, सर. मी कोणाला सांगणार नाही."

भैय्यालालजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग एखादं दुखणं एकदाचं डॉक्टरला सांगावं, तशा आवाजात म्हणाले, "जिंदगीत एकच पान कापलं, बेटा. एकच. तेव्हापासून कोणी कोपरा दुमडला तरी मले माहंच पातं आठवते."

"प्रेमात माणूस..."

"कोणाच्या?"

"म्हणजे, गीताबाई..."

"गीताबाईचा काय संबंध? काठ, दामिनी, काठ! तू काठ नाही पाह्यला का तिच्या साडीचा?" ते खुर्चीतून उठलेच. "मासोळ्या आहेत. एकीच्या शेपटीमागं एक, एकीच्या शेपटीमागं एक. आमचे बाबूजी सगळ्या विणकरांकडून करवतीच विणून घेत. करवतीशिवाय त्यायले दुसरं काही दिसतच नव्हतं. मी म्हटलं, एक साडी गुपचूप विणून आणून दाखवतो. वासुदेव विणकरासारखा, म्हणजे गीताबाईच्या बाबूजीसारखा, हात अख्ख्या भंडाऱ्यात नव्हता. म्हणून त्याच्या सुतात चित्र ठेवलं. दुसऱ्या दिवशी समजवाले गेलो, तर दारात ही लाइन! माह्या कापलेल्या पानासमोर नारळ फुटून राहिले, अन् ओटी भराले सगळ्यात पुढं कोण? माही आई! आता मी काय सांगू? का आई, ही देवी नाही, चोरीचा माल आहे?"

दामिनी खुर्चीवर बसली. "फक्त काठ?"

"फक्त म्हणजे?"

"आणि तुम्ही तीनदा गल्लीत गेलात ते?"

"काठ उतरवाले! कागद-पेन्सिल घेऊन गेलो होतो. खिडकीतून सरळ दिसत होतं चित्र. पण एक तर लोकं काठावरच फुलं वाहत. अन् त्यात एक पोरगी सारखी मधात येऊन बसे."

दामिनीला हसावं की रडावं कळेना. डोळ्यांपुढं गीताबाईचा तो पदर तोंडाला लावलेला चेहरा आला. हे तिला सांगायचं? कोणत्या तोंडानं? चाळीस वर्षं जपलेलं काहीतरी, आणि आपण ग्रंथपाल म्हणून जाऊन त्यावर 'रद्द' शिक्का मारायचा? तिनं ठरवलं, सांगायचं नाही. पण चित्राचं काहीतरी करायला हवं होतं, आणि त्यासाठी गुन्हेगारानं स्वतः जाऊन विचारणं रीतीला धरून होतं.

"उद्या तुम्ही माझ्यासोबत यायचं," ती म्हणाली. अध्यक्षांशी ती पहिल्यांदाच अशा आवाजात बोलत होती. "चित्राचा फोटो काढू द्या म्हणायचं. बस. काठाचं नाव काढायचं नाही."

"काहून?"

"नाही काढायचं."

"बरं."

दुसऱ्या दिवशी गीताबाईनं ठेवणीतली साडी नेसली होती आणि चहा कपबशीतून आला. देवाजींनी माग थांबवून "या शेठजी" म्हटलं. भैय्यालालजी अवघडून बसले, हवापाण्याचं बोलले, कुंदनची चौकशी केली. दामिनीला वाटलं, जमलं. मग ते देवघरासमोर उभे राहिले.

आधी त्यांनी हात जोडले. मग एका बोटानं जास्वंद बाजूला सारली. मग दुसरी. मग चष्मा कपाळावर चढवून नाक काचेला टेकेपर्यंत वाकले.

"सतरा मासोळ्या आहेत," ते पुटपुटले. "मी इतके वर्सं सोळाच समजत होतो." आणि एकदम मागं वळून, डोळ्यांत पाणी येईल इतक्या आनंदात म्हणाले, "गीताबाई, हा काठ विणाले पाठवला होता वो मी तुमच्या बाबूजीले! अन् तुमी त्याची देवी करून बसवली!"

दामिनीनं डोळे मिटून घेतले.

"काठ?" गीताबाईचा आवाज आला.

"हाव."

"अन् ते तीनदा गल्लीत येऊन उभं राहणं?"

"काठच. कागदावर उतरवून घ्याचा होता."

गीताबाई खाली बसली. दामिनीनं एक डोळा किलकिला केला. गीताबाई चौकटीकडं बघत होती आणि पदर तोंडाशी नेत होती. आता रडणार, असं वाटलं. आणि तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग सगळ्या अंगातून.

"चाळीस वर्सं!" ती कशीबशी म्हणाली. "चाळीस वर्सं मी म्हणत होती, बिचारा! तुमची वरात निघाली तवा सगळा मोहल्ला पाहाले गेला. मी दारात नाही आली. म्हटलं, आपल्याले पाहून त्याचं मन दुखंन!"

भैय्यालालजी गोंधळून म्हणाले, "मले तर माहीतच नाही तुमी नव्हत्या म्हणून."

यावर गीताबाईला एवढं हसू आलं, की रंभाबाई शेजारून धावत आली आणि दारातच थबकली. हसता हसता गीताबाईला एकदम भान आलं. तिनं मागाकडं पाहिलं. देवाजी गुडघ्यांवर हात ठेवून शांत बसले होते.

"तुमी ऐकलं सगळं?"

"पाच हातांवर बसलो आहे. नाही ऐकू येत का?" देवाजी म्हणाले. "कोणं पाठवलं ते आज कळलं. देवी नाही हे तर मले लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच कळलं होतं."

"कसं?"

"अव, देवी कायले मागं वळून पाहीन, का कोणी पाहते का म्हणून? देवीले कोणाचं भेव? अन् एवढं रान, एवढं पाणी, देवी असती तर वाघावर नसती बसली?"

"मंग बोलले काहून नाही?"

देवाजींनी मागाचा धोटा हातात घेतला, उगाच त्यातली कांडी बघितली. "तू मनापासून फूल वाहत होती. सणाले गोडधोड होत होतं. लोकं येत होते, आशीर्वाद घेऊन जात होते. कोणाचं काही बिघडत नव्हतं. म्हणून तर चौकट बनवून देली, माह्या बाबूजीच्या मोडक्या मागाच्या लाकडाची."

"अन् कोणं पाठवलं असंन, असं मनात नाही आलं तुमच्या?"

"आलं ना. पण मले काय करायचं? तू तर माह्या घरी होती."

गीताबाईनं उठून देवाजींची कपबशी उचलली आणि आत जाऊन ती गरजेपेक्षा बराच वेळ धुतली.

बाहेर आली तेव्हा डोळे कोरडे होते. दामिनीजवळ बसून म्हणाली, "पोरी, तू म्हणत होतीस का चित्रासमोर कविता आहे म्हणून. काय आहे त्यात? मले ह्या बाईचं काहीच माहीत नाही. फक्त कुंकू लावलं."

दामिनीनं पिशवीतून पुस्तक काढलं. भैय्यालालजींनी त्याच्याकडं न बघण्याचा प्रयत्न केला. तिनं मराठी वाचलं:

"रान ओलांडलं, पूर ओलांडला,
पायाशी साप आला तोही ओलांडला.
सख्या, दार उघडशील तेव्हा
एवढं विचारू नकोस: उशीर का झाला?"

रंभाबाई दारातच खाली टेकली. गीताबाईनं पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "म्हंजे हिले कोणी बोलावलं नव्हतं?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

"कोणी घ्याले बी नाही आलं?"

"नाही. आपल्या मनानं निघाली. एकटीच."

"एवढ्या पाण्यात? अन् साप पायात?"

"हो."

गीताबाईनं चौकटीकडं पाहिलं. मग भैय्यालालजींनी बाजूला सारलेल्या दोन्ही जास्वंदी उचलून जागेवर ठेवल्या, काठ सोडून जरा वर.

"मंग देवीच आहे ही," ती म्हणाली.

रंभाबाईनं हात जोडले. देवाजींनीही जोडले. भैय्यालालजींचे तर जोडलेलेच होते.

आता प्रश्न राहिला वाचनालयाचा. देवी उठवता येत नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. तेव्हा स्टुडिओवाल्या संजीवला बोलावून फोटो काढायचं ठरलं. तो आला, तर रंभाबाईनं आधी त्याच्याकडून नारळ फोडून घेतलं, मग काच पुसू दिली. कपाळावरचं कुंकू निघालं तेव्हा खाली भुवईच्या वर एक बारीकशी टिकली निघाली, चिताऱ्यानं काढलेली, जी गीताबाईनं सतराव्या वर्षानंतर पाहिली नव्हती. फोटो बरा आला. दामिनीनं तो खळीनं पुस्तकात चिकटवला. नोंदवहीत त्या पुस्तकापुढचा शेऱ्याचा रकाना उघडून अध्यक्षांसमोर ठेवला आणि पेनाचं टोपण काढून दिलं.

"मी लिहू?"

"ज्यानं कापलं त्यानं."

तपासणीच्या दिवशी साहेब आले. जाडे, घाईत असलेले, हातात रुमाल. नोंदवहीची पानं भराभर उलटता उलटता थांबले आणि मोठ्यानं वाचू लागले: "'चित्र क्रमांक अकरा मी स्वतः सन एकोणीसशे चौसष्टमध्ये कापले. हेतू: काठ. मूळ चित्र सध्या पूजेत असल्याने परत घेणे योग्य नाही. अध्यक्ष.'" त्यांनी मान वर केली. "हेतू काठ, म्हणजे काय?"

भैय्यालालजींनी सांगायला सुरुवात केली. मासोळ्या किती, त्यांचं तोंड कुठं, करवतीत आणि हिच्यात फरक काय, पदराशी वळण कसं घ्यायचं. पाऊण तास झाला. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं, एकदा पाणी मागितलं, आणि बाकीच्या वह्या न उघडताच "उत्तम, उत्तम" म्हणत सही करून जीपमध्ये बसले. दामिनीनं पंधरा दिवस राबून बनवलेल्या याद्या तशाच्या तशा राहिल्या. तिला जरासा रागही आला.

भैय्यालालजी मात्र आता रोज संध्याकाळी देवाजींच्या मागाशी. कुंदनचा बंद पडलेला माग झाडून त्यावर उभ्या सुताचा ताणा चढवला होता. देवाजी म्हणायचे, हा काठ चिताऱ्यानं काढला, विणकरानं नाही. पदराशी मासोळी वळवली का उलटी पोहते. भैय्यालालजी म्हणायचे, पोहू दे, पण पोहली पाहिजे. पहिल्या वीतभर कापडातल्या मासोळ्या बघून गीताबाई म्हणाली, वांगे बरे झाले आहेत. दुसऱ्या खेपेला तिनं स्वतः कांड्या भरल्या, दोन रंगांचं सूत बदलायला लावलं, आणि मग कुठं त्यांना शेपट्या फुटल्या.

आणि मंगळवारी दुपारी गीताबाईच्या घरी बायका जमायला लागल्या. कविता ऐकलेली रंभाबाई गप्प बसणारी नव्हती; तिनं आठ घरी सांगितलं, की त्या पुस्तकात अशा आणखी चौदा जणी आहेत. म्हणून दामिनी 'प्रणयपंचदशी' घेऊन यायची. बायकांनी हात धुऊन बसायचं, ही अध्यक्षांची अट.

दुसऱ्या मंगळवारी रुसून पाठ फिरवलेलीचं चित्र निघालं. तिच्यामागं एक राजबिंडा पुरुष हात जोडून उभा.

"ही कायले रुसली?" रंभाबाईनं विचारलं.

"आता वाचते ना," दामिनी म्हणाली.

"वाचाले कायले पाहिजे? तोंडावर दिसते. हा बजारात गेला अन् सांगितलं ते विसरून आला."

"हट, तेवढ्यावरून कोणी असं रुसते का?" धुरपताबाई म्हणाली. ती आता मंगळवारी कारध्याला उशिरा परतायची. "हा तिच्या माहेरच्यायले काहीतरी बोलला."

"माहेरच्यायले बोलला असता तर ती इथं बसली असती का? गेली असती," गीताबाई म्हणाली. "ही रुसली आहे का हा काहीच बोलला नाही म्हणून. पाहा ना, अजून बी नुसते हात जोडूनच उभा आहे."

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. दामिनीनं दोनदा कवितेची पहिली ओळ सुरू केली, दोनदा थांबली. मग पुस्तक मांडीवर उघडं ठेवून तीही चित्राकडं वाकली. पुढच्या खोलीतला माग कधीचा थांबला होता. देवाजी आणि भैय्यालालजी कान देऊन ऐकत होते, आणि गीताबाईनं तिकडं न बघताच मोठ्यानं सांगितलं, "तुमी दोघं जण बी काही बोलत जा जी. घरोघरी तोच तर रोना आहे!"